दोन चमचे विरजण

वैजयंता खोतच्या घरात प्लास्टिकचा एक कपटाही नव्हता, आणि हे काही तिनं हौसेनं केलेलं नव्हतं. विजेच्या तारांना मेणात बुडवलेलं सुती कापड गुंडाळलं होतं, खटके चिनी मातीचे होते, बादल्या पत्र्याच्या, चपला चामड्याच्या, चष्म्याच्या काड्या पितळेच्या. मिक्सर नव्हता, पाटा-वरवंटा होता. एखाद्या पाहुण्याला वाटलं असतं, बाईला जुन्या वस्तूंचा नाद दिसतोय. पण पाहुणा येणार कुठून? उंबऱ्याबाहेर आरोग्य खात्यानं पिवळा पट्टा मारला होता आणि तो ओलांडायची कुणालाच परवानगी नव्हती. आतल्या बाईला तर मुळीच नव्हती.

गल्लीत तिला 'वाळवी' म्हणत. सरकारी कागदात 'वाहक' म्हणत. तिला दोन्हींचा सारखाच राग यायचा.

कुरुंदवाडच्या बाहेर, माळावर, प्लास्टिक पचवणारा प्रकल्प उभा राहिला तेव्हा वैजूला तिथं कचरा निवडायचं काम लागलं होतं. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी सायली शिकत होती. प्रकल्पातली विद्या मोठी होती, पण समजायला अवघड नव्हती. प्लास्टिक म्हणजे अतिशय लांब आणि चिवट साखळ्या. निसर्गात त्या तोडणारं कुणी नाही, म्हणून पिशवी शंभर वर्षं तशीच पडून राहते. शास्त्रज्ञांनी एक निरुपद्रवी जिवाणू घेतला आणि साखळीची कडी न् कडी कातरणारं पाचक द्रव्य त्याला तयार करायला शिकवलं. टाकीच्या उबेत तो जगायचा, बाहेर आला की मरायचा. चुकून माणसाच्या पोटात गेला तरी माणसाचं काही बिघडणार नाही, असं सांगितलं होतं, आणि ते खरं ठरलं. माणसाचं काहीच बिघडलं नाही. माणसाच्या आसपासचं बिघडलं.

बहुतेकांच्या हातावर जिवाणू मरून जायचा, वैजूच्या हातावर मात्र राहिला. तिच्या घामात त्याला मानवणारं काहीतरी होतं. आधी मोबाईलची पाठ भुसभुशीत झाली. मग कपाटातल्या पॉलिएस्टरच्या साड्यांना चाळणीसारखी भोकं पडली. मग एकदा एसटीत तिच्याखालची सीट पिठासारखा भुगा होऊन खाली आली, आणि त्या दिवसापासून वैजूला कुणी एसटीत घेतलं नाही. औषधानं जिवाणू मारला की आठवड्यात परत यायचा. राज्यभरातल्या अशा प्रकल्पांतून शे-दोनशे वाहक निघाले. त्यांना घरीच कोंडून ठेवायचा कायदा झाला.

वैजूच्या बाबतीत तो कायदा गल्लीत आणला तिच्या थोरल्या जावेनं, रोहिणीआक्कानं. समोरच्याच घरात राहणारी, सख्खी जाऊ! सह्या गोळा करत ती दारोदार फिरली. पण आक्काला नुसतं दुष्ट म्हणून सोडून देता येत नव्हतं, कारण तिचं भय खोटं नव्हतं. तिच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती, आणि फुगलेला भाग कापून डॉक्टरांनी तिथं विणलेल्या पॉलिएस्टरची नळी बसवली होती. त्या वेळी, प्रकल्पाच्याही आधी, दवाखान्यात आक्काच्या उशाशी बसून, तिला पेज भरवून, रात्री जागून सेवा केली होती ती वैजूनंच. ज्या नळीसाठी वैजू देवाला हात जोडत होती, त्याच नळीपायी आता ती कोंडली गेली होती.

पुण्याला सायलीला मुलगी झाली. बाळंतपणाला आईनं जायचं, पण दवाखान्यात नळ्या, पिशव्या, पाळणे सगळंच प्लास्टिकचं, तिथं वैजूला कोण येऊ देणार? सायलीनं रेवाचा फोटो पाठवला. वैजू तो रोज हातात घ्यायची. फोटोवरचा चकचकीत थर पंधरवड्यात विरला आणि नातीचा चेहरा पुसट झाला. दुसरा मागवला, तोही तसाच गेला. तिसरा मागवायची तिला लाज वाटली.

संध्याकाळ मात्र बरी जायची, कारण संध्याकाळी विरजण मागायला बायका येत.

वैजूचं दही पहिल्यापासून नावाजलेलं. सुरीनं कापावं असं घट्ट, आणि आंबटपणा नावालाच. कायदा आला, पट्टा आला, लोक तिच्या सावलीला दचकू लागले, पण दूध तापवून कोमट झालं आणि घरात विरजण नसलं, की पाय आपोआप तिच्या मागच्या खिडकीकडे वळत. विरजण मागणं म्हणजे शिवाशीव असं कुणाच्या मनातही येत नसे. वाटी स्टीलची, दही दुधाचं, त्यात प्लास्टिक कुठं आलं? शेजारची पद्मा चौगुले यायची, कोपऱ्यावरची शबाना मुजावर यायची, घाटाजवळची माळ्याची सून यायची. प्रत्येकीला वाटे, आपण एकटीच चोरून नेतो.

"वैजूकाकी, दोनच चमचे," पद्मा कुजबुजायची. "आमच्यात सांगू नका हां कुणाला."

"तू कुणाला सांगू नको, मीबी सांगत न्हाई," वैजू म्हणायची आणि गजांतून चमचा पुढं करायची. आपल्या हातचं काहीतरी अजून लोकांच्या घरात जातंय, एवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

मग गल्लीतल्या वस्तू झिजायला लागल्या.

सुरुवात हसण्यासारखी झाली. मंडळाच्या बैठकीत पद्माचे सासरे अध्यक्षपदाच्या खुर्चीसकट खाली आले. बादल्यांच्या कड्या हातात राहू लागल्या. मग पाण्याचा पाइप फुटला, दुधाच्या पिशव्या दुकानातच गळू लागल्या, दह्याचे डबे उचलले की बूड खाली राहायचं. दुकानदारानं पिशवीतलं दूध-दही ठेवणंच बंद केलं. लोकांनी सुटं दूध आणून घरी दही लावायला सुरुवात केली, आणि विरजणाला येणाऱ्या वाट्या दुप्पट झाल्या. आरोग्य खात्यानं गल्ली तपासायची म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी कानावर हात ठेवले. आम्हाला कशाला तपासता, वाळवी तिथं राहते!

सभा वैजूच्या दारासमोरच भरली, उभ्या उभ्या, कारण खुर्च्या उरल्या नव्हत्या.

"ती रातची बाहेर पडतीया," आक्का म्हणाली. तिचा एक हात पोटावर होता, हल्ली तो तिथंच असायचा. "न्हाईतर एवढं हुईलच कसं? तुम्हाला बादलीची पडलीया, मला जिवाची पडलीया."

"आक्का, मी उंबरा ओलांडला न्हाई," वैजू जाळीच्या दारामागून ओरडली. "इचारा कुणालाबी. पद्मा, सांग की गं!"

पद्मानं पदर सारखा केला आणि सासऱ्यांच्या मागं सरकली. शबाना जमिनीकडे बघत राहिली. त्या दिवशी वैजूच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं आणि किल्ली आक्काकडे गेली. संध्याकाळी मागच्या खिडकीत पद्माची वाटी हजर होती. वैजूच्या तोंडावर शिवी आली होती. तिनं ती गिळली आणि विरजण दिलं.

दर आठवड्याला डॉ. अन्वय बिरनाळे तपासणीला यायचा. तरुण पोरगा, बोलका, काचेच्या नळ्या आणि लोखंडी पेटी घेऊन यायचा. खिडकीच्या कट्ट्यावर पॉलिएस्टरची पट्टी ठेवायचा, वैजूनं ती तळहातात धरायची, मग तो त्या पट्टीचं वजन करायचा. कुलूप बघून तो चिडला.

"हे कायद्यात बसत नाही, काकू. मी तक्रार करतो."

"नको. मग खिडकीबी बंद करतील."

त्यानं पेटी मिटली, पण निघाला नाही. "मला एक कळत नाही. तुमच्या हातावरचा जिवाणू दुसऱ्याच्या कातडीवर चार दिवसही टिकत नाही. गल्लीभर पसरायचा तर तो लोकांच्या पोटात जायला हवा, आणि तोही रोजच्या रोज. आतड्यात एकदा त्यानं बस्तान बसवलं की तो त्यांच्याही घामात उतरणार. पण तुमच्या घरचं कोण खाणार?"

"कोण खाणार," वैजू म्हणाली.

"तेच तर. त्याला दूध मिळालं असतं, तर तो मजेत वाढला असता. दह्याच्याच कुळातला आहे ना तो. निरुपद्रवी म्हणूनच निवडला होता."

वैजूच्या पाठीमागं फळीवर, फडक्याखाली, दह्याचं मडकं होतं. तिनं गज धरला.

"समजा," ती म्हणाली, "सगळ्यांनाच झालं तर?"

"मग कोंडणार कुणाला?" बिरनाळे हसला. "राज्यात दहा माणसांत एक वाहक निघाला की हा कायदाच मोडीत काढायचा, असं वर ठरलेलं आहे. लोक भांडी बदलतील, तारा बदलतील. पुन्हा पितळेला दिवस येतील. तुम्ही पुण्याला जाऊन नातीला मांडीवर घ्याल."

"आन् ज्यांच्या अंगातच प्लास्टिक हाय?"

त्याचं हसू मावळलं. "त्यांचं कठीण आहे, काकू. तुमच्या जाऊबाईंचंच घ्या. आतड्यातून एखादा जरी रक्तात शिरला तरी ती नळी म्हणजे त्याला पान वाढून ठेवल्यासारखी. झिजून झिजून एक दिवस आतल्या आत फुटेल, आणि दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळणार नाही. नळी बदलायची तर त्या आता दुसरं ऑपरेशन सोसणार नाहीत. त्या तुम्हाला घाबरतात ते काही वेडेपणानं नाही."

तो गेला. वैजूनं त्याला मडक्याबद्दल काही सांगितलं नाही. आज नको, उद्या सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि ती समजलीही. मनात हिशेब सुरू झाला होता. आक्का? आक्का तर या घरातलं काही तोंडाला लावत नाही, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा तिनं परत पाठवला होता. मग तिला कसला धोका? आणि बाकीच्यांचं काय, चार खुर्च्या जातील. त्यांनीच कुलूप लावलंय ना?

संध्याकाळी पद्मानं वाटी पुढं केली. वैजूनं दोन चमच्यांच्या जागी चार घातले.

"एवढं कशाला, काकी?"

"म्हायेरी पण धाड की थोडं. जयसिंगपूरला. तुझ्या आईला आवडतंय."

पद्मा खूश होऊन गेली. आणि वैजू, खोटं कशाला सांगा, तीही खूश होती. त्या आठवड्यात तिनं मडकं बदलून मोठं घेतलं. शबानाच्या नणंदेला इचलकरंजीत विरजण गेलं. रात्री डोळा लागेना तेव्हा वैजू नातीला मांडीवर घेतल्याचं कल्पून बघायची. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक आहे म्हणूनच ती त्या मडक्याकडे उजेडात बघायचं टाळायची.

आणि एका संध्याकाळी मागच्या खिडकीत आक्का उभी राहिली.

चोरून येणं तिला जमत नव्हतं. मागच्या बोळातला चढ चढून दम लागला होता, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, आणि हातात चांदीची छोटी वाटी. सासूबाईंची वाटी. वाटणीत ती आक्काकडे गेली होती आणि त्यावरून दोघी जावा वर्षभर बोलल्या नव्हत्या.

"दुकानात दही मिळंना झालंय," आक्का दुसरीकडे बघत म्हणाली. "पोटात काय ठरत न्हाई. डॉक्टर म्हणतोय, दहीभात खावा. घरात इरजणाला थेंब न्हाई."

वैजूनं चमचा उचलला.

"पद्मा बोलून गेली परवा, तुझ्याकडनं नेती म्हणून. स्टीलच्या वाटीतनं नेलं तर काय व्हत न्हाई म्हणती. आन् समद्याच नेत्यात, असं दिसतंय." आक्कानं मान वर केली. तिचे डोळे खोल गेले होते. "दवाखान्यात तू मला दहीभात भरवायचीस न्हवं. ती चव काय माझ्या तोंडातनं जात न्हाई बघ. दे दोन चमचे."

चमचा वैजूच्या हातात होता. मडकं समोर होतं. काहीच करायचं नव्हतं, रोज करत होती तेवढंच करायचं होतं. कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं, मला काय माहीत? आणि आक्का गेली, की कायद्यासाठी भांडणारं गल्लीत दुसरं कोण होतं? एवढा सगळा विचार चमचा मडक्यात बुडेपर्यंत होऊन गेला. पण तो हात गजांतून आत आला होता, आणि त्यातली वाटी रिकामी होती.

"न्हाई मिळायचं," वैजू म्हणाली.

आक्काला आधी कळलंच नाही. "आँ?"

"इरजण न्हाई मिळायचं तुम्हाला."

"अगं, समोर दिसतंय की मडकं भरून!" आक्काचा आवाज चढला. आजूबाजूच्या दोन खिडक्या उघडल्या. "इरजणाला कुणी न्हाई म्हणतं व्हय? दुश्मनबी म्हणत न्हाई गं! एवढा डूख धरलास?"

"डूख धरला असता तर वाटी भरून दिली असती!" वैजू ओरडली. आता गल्लीनं ऐकलं तरी तिला चालणार होतं, उलट ऐकायलाच हवं होतं. "त्यो किडा दह्यात हाय, आक्का. माझ्या हातनं मडक्यात, मडक्यातनं समद्यांच्या पोटात. खुर्च्या मी न्हाई मोडल्या, तुमच्याच अंगातल्या घामानं मोडल्या. पद्मा, शबाना, माळीण, समद्या नेत्यात. तुम्ही एकट्याच ऱ्हायलाय. माझ्याकडचं काय खायाचं न्हाई म्हणून रुसलाय, त्या रुसण्यानं वाचलाय. जावा घरी. कुणाच्या हातचं पाणीसुदीक पिऊ नका."

तिसरी खिडकी उघडली. मग पद्माचा बारीक आवाज आला. "काकी, तुम्हाला कधी कळलं हे?"

"गेल्या आठवड्यात."

"आन् मला चार चमचे दिलंसा? माझ्या आईला?"

वैजूनं मडकं उचललं, मोरीत नेलं आणि पालथं केलं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. बिरनाळेची माणसं आली, पट्ट्या वाटल्या गेल्या. आक्का सोडून सगळी गल्ली वाहक निघाली. जयसिंगपूर आणि इचलकरंजीची भांडी वेळेत सापडली, ती नष्ट झाली, आणि दहात एक व्हायचा आकडा राहिला बाजूलाच. वैजूच्या उंबऱ्यावरचा पिवळा पट्टा खरवडून काढला, दाराचं कुलूप उघडून आक्काकडे परत गेलं आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना नवा मारला. आता घाटापर्यंत चालत जायला वैजू मोकळी होती. त्यापलीकडे कुणीच मोकळं नव्हतं. पोरांच्या शाळा सुटल्या, पुरुषांची कामं गेली. बायका वैजूला बघून थुंकायच्या आणि पाटा-वरवंट्यावर वाटायचं कसं, हे विचारायला तिच्याकडेच यायच्या. पद्मा मात्र कधी आली नाही.

आक्काला दुसरीकडे हलवावं म्हटलं, तर असल्या गल्लीतल्या बाईला घरात घ्यायला ना तिचा मुलगा तयार, ना कुठला दवाखाना. शेवटी तिच्याच घराची दारं-खिडक्या बंद करून तिला आत ठेवलं. बाहेरून निर्जंतुक केलेलं सामान यायचं. गल्लीतल्या कुणी दहा हातांच्या आत जायचं नाही. "हिच्यापायी आम्ही आमच्याच गल्लीत दबकून चालायचं का?" असं पद्माचे सासरे कट्ट्यावर बसून म्हणू लागले, आणि माना डोलवणारे मिळू लागले. वैजूला ते शब्द ओळखीचे वाटले.

"आजोबा, सह्या गोळा करायच्या असतील तर पयलं माझ्या दारात या," ती एवढंच म्हणाली. ते आले नाहीत.

आक्का आठवडाभर कुणाशीच बोलली नाही. मग एकदा दुपारी काचेच्या खिडकीमागून तिनं हाक मारली. वैजू रस्त्याच्या अलीकडच्या कडेला उभी राहिली.

"बिरनाळे सांगत हुता," काचेमागून आवाज दबका येत होता. "तू गप बसली असतीस तर सुटली असतीस म्हणं. नातीकडं गेली असतीस."

"व्हय."

"मग?"

वैजू म्हणाली, "तुमच्या हातात वाटी हुती, आक्का."

आक्का काचेपासून दाराकडे गेली. मग तिनं खाली वाकून दाराच्या फटीतून काहीतरी बाहेर सरकवलं. ते पायरीवरून घरंगळत रस्त्यावर आलं. वैजूच्या दाराचं कुलूप होतं, आणि त्यात किल्ली.

"हे बाहेरनं लाव माझ्या दाराला. सांजचं पोरं खेळत्यात, बायका बोलत बसत्यात, मला ऐकू येतंय. मला माझाच भरवसा वाटंना. एखाद्या दिवशी मीच उठून बाहेर येईन." तिनं दारामागूनच सांगितलं. "किल्ली तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. दुसऱ्या कुणाकडं नको."

वैजूला रडू आलं, ते तिनं लपवलं नाही. बिरनाळेच्या माणसाकडून कुलूप उकळत्या पाण्यातून काढून घेतलं, लांब चिमट्यानं त्यानंच ते कडीत अडकवलं, आणि किल्ली तिच्या हातावर टाकली. तिनं ती कनवटीला खोचली. त्या किल्लीनं आक्कानं तिला कोंडलं होतं, आणि आता तीच किल्ली तिच्या कमरेला टोचत होती.

"आन् दही?" आक्कानं आतून विचारलं. "जन्मभर तसंच का आता?"

"इरजणाशिवाय लागतंय की दही," वैजू डोळे पुसत म्हणाली. "बाहेरनं मिरच्या मागवा, हिरव्या. देठं तेवढी खुडून घ्या, धुवा, आन् कोमट दुधात सोडा. झाका आन् उबेत ठेवा. हलवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं चांदीची वाटी काचेला लावून दाखवली. वाटीत पांढरं पाणी हललं.

"पातळ झालंय गं," ती म्हणाली.

"पयलं पातळच व्हतंय," वैजू रस्त्याच्या अलीकडून म्हणाली. "टाकू नका. त्यातलंच दोन चमचे उद्या लावा."